पाणबुडीच्या पटावर

लुगोव्स्क
१२ सप्टेंबर १९९८

आदरणीय रोदिओन साव्विच,

तुम्हाला, तुमच्या बायकोला तोन्याला, कप्तानसाहेबांना आणि पाणबुडीवरच्या लहानथोर सगळ्यांना आमच्या गावाचा नमस्कार. इथे माणसं धडधाकट आहेत, पगार तेवढा जूनपासून अंथरुणाला खिळलाय. कारखान्याने या महिन्यात पुन्हा पगाराऐवजी लोकरीचे बूटच वाटले. माझ्या वाट्याला सहा जोड आले. मला पाय दोनच, म्हणून पाच जोड तुमच्याकडे पाठवतेय. तुम्ही मागे जेवताना सांगितलं होतं ना, की परक्या नावेच्या मागावर असताना पाणबुडीत साधा चमचा पडला तरी कप्तान डोळे वटारतो, आणि म्हणून तुम्ही पोरांना आमचे बूट घालायला लावता? तेव्हापासून आमचा मेकॅनिक सगळ्यांना सांगत सुटलाय, की देशाची अणुपाणबुडी शत्रूला ऐकू येत नाही ती लुगोव्स्कच्या बुटांमुळे. म्हणू दे बापड्याला. एवढंच सुख उरलंय त्याच्याकडे.

बटाट्यांचा ट्रक सोमवारी निघाला. सोबत कोबी आहे, गाजरं आहेत, मधाचे दोन डबे आणि रानबोरांचा मुरांबा आहे. मुरांब्याच्या बरण्या तोन्याने मोजून घ्याव्यात, कारण आमचा ड्रायव्हर गोडघाशा आहे. डुकराचं पिल्लू या वेळी जिवंतच पाठवलंय. तुमच्या तळावरच्या खुराड्यात वाढवा आणि लांबच्या सफरीवरून परत आलात की तुमच्या रिवाजाप्रमाणे अख्खं भाजून कप्तानापुढे ठेवा. ड्रायव्हरला बजावलंय, वाटेत त्याला नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की मग खाववत नाही.

परवा शाळेत मला पाणबुडीबद्दल बोलायला बोलावलं होतं. मी काय बोलणार? जे तुमच्याकडून ऐकलं तेच सांगितलं. माझा ग्लेब पहिलीत गेला त्या वर्षी ती पाण्यात उतरली. तेव्हा तिला नाव नव्हतं, नुसता आकडा होता. बर्फाखालून ती जगाच्या डोक्यावरून पलीकडे गेली आणि आली. परक्या जहाजांच्या मागे अख्खा महासागर ओलांडून गेली आणि त्यांना पत्ता लागला नाही. मग देशच मोडला. पाणबुडीच्या अणुभट्टीत वर्षानुवर्षांची ताकद आणि खलाशांच्या ताटात वाटाणे, अशी दशा झाली. तेव्हा तुमचे कप्तान गाडीत बसून गावं धुंडत निघाले, की कोणी दत्तक घेता का आम्हाला. मोठ्या शहरांनी मोठ्या पाणबुड्या आधीच घेतल्या होत्या. उरलं लुगोव्स्क, जिथली नदी उन्हाळ्यात गुडघाभरसुद्धा नसते.

पोरांना हे सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. कप्तान आले तेव्हाच्या सभेत आमचे त्या वेळचे अध्यक्ष म्हणाले होते, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! आम्हालाच पाव पुरेना, आणि वर पाणबुडी पोसायची?" पण कप्तानाने टेबलावरचा पाव ज्या रीतीने खाल्ला, चुरासुद्धा बोटाने टिपून, ते बघून बायकांनीच हात वर केले. दुसऱ्या महिन्यात पाणबुडीवर आमच्या गावाचं नाव चढलं.

आता मुद्द्याचं. दर वर्षीप्रमाणे आमच्याकडून दोन मुलं तुमच्याकडे यायची आहेत. या वर्षी पाणबुडीसाठीच्या आमच्या कमिटीने निवडलेला एक आहे माझ्या मैत्रिणीचा, क्लावाचा वेन्या, आणि दुसरा माझा ग्लेब.

कमिटीची चिटणीस मी आणि निवडला गेला माझाच मुलगा, यावर गावात जे बोललं जायचं ते बोलून झालंय. बोलू देत. सैन्यातली सक्तीची भरती कोणालाच चुकत नाही. पण कुठे पाठवतील ते नशिबावर असतं, आणि मला नशिबावर सोडायचं नव्हतं. कॉकेशसच्या मागच्या युद्धात आमच्या एवढ्याशा गावात तीन जस्ताच्या शवपेट्या आल्या. त्यातली एक माझ्याच गल्लीत उतरली. पेटी उघडायची परवानगी नव्हती. आता म्हणतात युद्ध संपलं. मी रेडिओ ऐकते, रोदिओन साव्विच. संपलेलं युद्ध इतकं बोलत नसतं. म्हणून माझ्या मुलाला मी तुमच्या लोखंडात ठेवतेय, पाण्याच्या खाली, जिथे कॉकेशसचे डोंगर पोचत नाहीत. त्याचे वडील गेल्यापासून माझ्याकडे तो एकटाच आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

दोघांची शिफारसपत्रं सोबत आहेत, कमिटीच्या शिक्क्यानिशी. क्लावा तर माझ्या मागे लागली होती. "अगं, लिही ना त्याची छाती नाजूक आहे म्हणून. स्वयंपाकघरात तरी ठेवतील पोराला, उबेला." मी म्हटलं, "बाई, पाणबुडीवर पाठवतेयस की दवाखान्यात?" पण लिहिलं शेवटी तिच्या मनासारखं. ग्लेबचं मात्र खरं ते सगळं लिहिलंय. कधी आजारी पडत नाही, पुढ्यात येईल ते खातो, बर्फावर स्की चालवण्यात गावात पहिला, रायफलच्या नेमबाजीत जिल्ह्यात दुसरा. ग्लेब वाचून हसायला लागला. "आई, पाणबुडीत बंदूक कशाला? मासे मारायला?" मी म्हटलं, "गप्प बस. कसला मुलगा पाठवतोय ते बोसनला कळू दे." आपला तो बाब्या म्हणतात, तसंच आहे माझं, कबूल. पण तुम्ही बोसन, म्हणजे पाणबुडीवरचे घरकारभारीच. त्याला आपल्या हाताखाली घ्या. लाड करू नका, आणि उपाशी ठेवू नका.

तुमच्या उत्तराची वाट पाहते.

तुमची,
अग्लाया प्रोखोरोव्ना तालिझिना


लुगोव्स्क
४ जुलै १९९९

प्रिय रोदिओन साव्विच,

पोचलात! तुमचं आणि ग्लेबचं पत्र एकाच दिवशी आलं. पोस्टमनने दाराबाहेरूनच आरोळी ठोकली, "अग्लाया प्रोखोरोव्ना, वर आली हो तुमची पाणबुडी!" मी कणकेच्या हातानेच बाहेर पळाले.

पिल्लू चांगलं भाजलं गेलं, हे वाचून समाधान वाटलं. अखेर तुमच्या पोरांनी त्याला नाव ठेवलंच म्हणे, आणि आमच्या कारखान्याच्या डायरेक्टरचं! हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही. फक्त क्लावाला सांगितलं, म्हणजे आता सगळ्यांना माहीत आहे.

ग्लेबने चार पानं लिहिलीत. एरवी तो बाजारातून आणायच्या सामानाची यादीसुद्धा अर्धी लिहितो. तुम्ही त्याला ग्रीस फासलेल्या घणाचा मुका घ्यायला लावलात आणि खोल समुद्रातलं खारं पाणी दिव्याच्या भांड्यातून पाजलंत, आता तो खरा पाणबुड्या झाला म्हणे. पाणबुडी खाली-वर करायच्या सुकाणूंपाशी तुम्ही त्याला आपल्याशेजारी बसवता, हे त्याने तीनदा लिहिलंय. "आई, गंमत बघ, दोन महिने समुद्रात होतो आणि समुद्र पाहिलाच नाही. रोदिओन साव्विच म्हणतात, न बघता ओळखायला शिक. मला थोडं थोडं कळायला लागलंय. पाणबुडीचं नाक किंचित जड झालं की ते माझ्या गुडघ्यांना आधी कळतं." हे मी कितीदा वाचलं सांगत नाही. या मुलाला मी अठरा वर्षं वाढवलं, गुडघ्यांना काही कळतं हे मला माहीत नव्हतं.

शेवटी त्याने लिहिलंय, की भरतीची मुदत संपल्यावर घरी न येता तिथेच राहायचं, तुमच्यासारखं कायमचं नोकरीत. तुम्ही त्याच्या डोक्यात भरवलंत का हे? खरं सांगा. मी चिडलेले नाही. थोडी चिडलेय. पण गावात राहून लोकरीचे बूट ठोकण्यापेक्षा ते बरंच, असं मनाला समजावतेय.

पाणबुडी आता मोठ्या दुरुस्तीला जाणार, अणुभट्टीचं इंधन बदलायचं आहे आणि गोदीत बरीच मोठी रांग आहे, हेही तुम्ही लिहिलंत. म्हणजे वर्षभर तरी ती धक्क्याला बांधलेली राहणार. तुम्हाला वाईट वाटलेलं दिसतंय. मला नाही वाटलं, माफ करा. धक्क्याला बांधलेल्या पाणबुडीत बसलेल्या मुलाची आई रात्री शांत झोपते. त्याला निदान वेन्याइतका तरी जाड करून पाठवा. वेन्या स्वयंपाकघरातून बाहेरच पडत नाही असं दिसतंय.

तुमची कृतज्ञ,
अग्लाया


लुगोव्स्क
५ डिसेंबर १९९९

रोदिओन साव्विच,

बटाटे पोचल्याची पावती आली. तिच्यावर सही तुमची आहे, पण चार ओळी तुम्ही लिहिल्या नाहीत. तुमचं कधी असं होत नाही.

काल ग्लेबचं पत्र आलं. अर्धं पान आहे, पेन्सिलीने लिहिलेलं. पत्त्याच्या जागी नुसता आकडा आहे, आणि तो तुमच्या तळाचा नाही. लिहितो की थोड्या दिवसांसाठी किनाऱ्यावरच्या कामाला पाठवलंय, टोपी काळी दिलीय, डोंगरात थंडी आहे पण पाय कोरडे आहेत, काळजी करू नकोस. दुरुस्तीचा धक्का डोंगरात केव्हापासून गेला, रोदिओन साव्विच?

क्लावाकडे गेले होते. वेन्याचं पत्र नेहमीच्या पत्त्यावरून आलंय, तो तिथेच आहे, कांदे सोलतोय. क्लावा माझ्याकडे बघेना. "अगं, पहाऱ्याला ठेवलं असेल गोदामावर," म्हणाली. मीही म्हटलं, "हो, पहाराच असणार." आणि आम्ही दोघी चहा प्यायलो.

बंदरावर पहारा द्यायला पाठवलंय ना? एवढंच लिहा. हो किंवा नाही. शाई संपली असेल तर पेन्सिलीने लिहा.

अग्लाया तालिझिना


लुगोव्स्क
२१ मे २०००

रोदिओन साव्विच,

तुमचं एप्रिलचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. शेतातली बटाट्याची लावणी चालू आहे, या वर्षी पाऊस बरा आहे. कारखान्याने दोन महिन्यांचा पगार रोख दिला, गावात चक्क दोन लग्नं झाली. तोन्याचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? तिला कोबीची पानं बांधायला सांगा, मी सांगितलं म्हणून सांगा.

फेब्रुवारीत अख्खं गाव आलं होतं. तुम्हाला रजा मिळाली नाही, हे कळलं. कप्तानसाहेबांची तारही मिळाली. जमीन इतकी गोठली होती, की तिच्यावर दोन दिवस शेकोटी पेटवत ठेवावी लागली, तेव्हा कुठे कुदळ आत गेली. मेकॅनिकच सगळं बघत होता. शिपाई पोरं ट्रकमधून उतरली तेव्हा त्यांच्या पायांत नुसते कातडी बूट होते, म्हणून मी त्यांना आमचे लोकरीचे दिले. घरात जोड पडूनच होते.

क्लावा रोज येते आणि ताजा पाव ठेवून जाते. बसत नाही. परवा मी म्हटलं, "बैस गं, मी काही खात नाही तुला." तर ती उंबऱ्यातच रडायला लागली आणि म्हणाली, "माझा वेन्या आहे ना, म्हणून मला तुझ्याकडे यायची लाज वाटते." मी पाव घेतला आणि दार लावलं.

तुम्ही सगळं सविस्तर लिहिलंत. दुरुस्तीच्या रांगेत उभ्या असलेल्या पाणबुड्यांवरची मुलं पायदळाला द्यायचा हुकूम आला. कोणी अधिकारी आला आणि त्याने विचारलं, बंदूक धरता येणारे कोण आहेत? कप्तान म्हणाले, आमच्याकडे कोणी नाही, आमची पोरं पाण्याखालची. मग त्याने एकेक फाइल उघडायला लावली. सगळ्या फाइलींत एकच मुलगा निघाला. जिल्ह्यात दुसरा.

तुम्ही लिहिता, मला क्षमा करा, मी त्याला ट्रकपर्यंत सोडायला गेलो, कप्तानाशी भांडलो, पण माझं चाललं नाही. कसली क्षमा? ते वाक्य कोणी लिहिलं ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. शिक्काही मीच मारला, चांगला दाबून, ठसा पुसट येऊ नये म्हणून. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. क्लावाने आपल्या मुलाला नाजूक म्हटलं आणि मी तिला हसले.

पण मी तुम्हालाही एक विचारते. ती फाइल तुमच्या कपाटात वर्षभर होती. तुम्ही बोसन, प्रत्येक खिळा तुम्हाला माहीत. हुकूम येणार ही कुजबुज आठवडाभर आधी होती, असं तुम्हीच लिहिलंय. ते एक पान तुम्हाला चुलीत घालता आलं नाही? आणि डिसेंबरात मी तुम्हाला हो किंवा नाही विचारलं होतं. तुम्ही गप्प बसलात. मला माहीत असतं तर मी त्या डोंगरात पायी गेले असते, दुसऱ्या शिपायांच्या आया गेल्या तशी, आणि हाताला धरून आणलं असतं त्याला. माझ्याकडून तेवढे दिवस तुम्ही काढून घेतलेत. हे मला विसरता येत नाही. प्रयत्न केला, येत नाही.

बटाटे दर वर्षीप्रमाणे कमिटी पाठवील. पाणबुडीचा त्यात काय दोष? चिटणिसाचं काम मी सोडलंय. यापुढे पत्र माझं नसेल.

अग्लाया तालिझिना


लुगोव्स्क
३० ऑगस्ट २००८

रोदिओन साव्विच,

तुमचं पत्र आल्याला तीन आठवडे झाले. अक्षर ओळखलं आणि पाकीट डब्यांमागे ठेवून दिलं. वेन्याने एकदा विचारलं, "मावशी, उघडलंत का?" म्हटलं, "तुझ्या भट्टीकडे बघ, पाव करपतोय." तो आता बेकरी चालवतो, दोन मुलींचा बाप आहे, छाती चांगली रुंद झाली आहे. शेवटी त्यानेच ते उघडून माझ्या हातात दिलं.

तुम्ही इतकी वर्षं तिथेच राहिलात, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं तुम्ही आणि तोन्या कुठेतरी दक्षिणेला घर घेऊन टोमॅटो लावत असाल. तोन्या वारली, हे वाचून वाईट वाटलं. तिने माझ्या बरण्या दर वर्षी धुऊन परत पाठवल्या होत्या. असं कोणी करत नाही.

पाणबुडीची दुरुस्ती कधीच झाली नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. आधी पैसे नव्हते, मग पैसे आले तर तिचे सुटे भाग दुसऱ्या पाणबुड्यांना दिले होते. मग अणुभट्टीतलं इंधन काढून नेलं, आणि मग ती नुसती बांधून ठेवलेली, बुडू नये म्हणून मूठभर माणसं राखलेली. आमची कमिटी मात्र बटाटे पाठवत राहिली. नवा नगराध्यक्ष एकदा म्हणाला, कशाला, ती आता कुठे जाणार आहे? त्याला मेकॅनिकने सभेतच सुनावलं, "म्हातारी आई अंथरुणाला खिळली की तिला जेवायला घालणं बंद करतोस का रे तू?" आता तोच नगराध्यक्ष तिचा वरचा मनोरा आणून चौकात उभा करायचा म्हणतोय, फुलझाडं लावून. करू दे. कबुतरांना जागा होईल.

तुम्हाला शेवटचं पत्र लिहिलं त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या गावाच्या नावाची पाणबुडी समुद्रात बुडाली, तेव्हा क्लावा माझ्याकडे आली होती. "बघ, समुद्रातही काही खरं नव्हतं गं," म्हणाली. माझं सांत्वन करायला आली होती बिचारी. मी तिला घराबाहेर काढलं. आणि मग रात्रभर त्या आयांसाठी रडले, पहिल्यांदाच मोठ्याने रडले.

आता तुम्ही जे विचारलंत त्याबद्दल.

तुम्ही लिहिता, ग्लेबच्या कागदावर 'तात्पुरता कामगिरीवर' असं होतं, आणि त्याला पटावरून काढायचा हुकूम पाणबुडीवर कधी आलाच नाही. मागायला हवा होता, तुम्ही मागितला नाहीत. संध्याकाळच्या हजेरीला तुम्ही त्याचं नाव वाचत राहिलात. पहिल्या संध्याकाळी वेन्यानेच रांगेतून उत्तर दिलं, "कामगिरीवर!" तो सुटून आला, माणसं बदलत गेली, आणि ज्यांनी ग्लेबला कधी पाहिलं नाही ती पोरं तेच उत्तर देत राहिली. मागच्या वर्षी एका नव्या पोराने तुम्हाला विचारलं, "हा तालिझिन परत कधी येणार, बोसन? त्याचा पलंग मी घेऊ का?" आणि तुम्ही त्याला ओरडलात, आणि मग दुसऱ्या दिवशी तो पलंग देऊन टाकलात. हे सगळं वेन्याने मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मी तुमच्यावर इतकी संतापले की काय सांगू. माझ्या मुलाचं नाव रोज पुकारायचं आणि मला कळवायचंही नाही! मग चुलीवरचं दूध उतू गेलं आणि मी तिथेच जमिनीवर बसले. इथे गावात त्याचं नाव कोणी घेत नाही, माझ्यासमोर तर नाहीच. लोकांना वाटतं मला त्रास होईल. आणि तिकडे, तुटक्या पाणबुडीत, परकी पोरं रोज संध्याकाळी त्याच्या वतीने उत्तर देत होती. रोदिओन साव्विच, मी तुमच्यावर आठ वर्षं रागावले. राग अजून पुरता गेलेला नाही. पण त्याच्यासाठी एवढं दुसऱ्या कोणी केलं नाही, मीसुद्धा नाही.

पंधरा सप्टेंबरला पाणबुडीवरचं निशाण कायमचं उतरवणार, त्याआधी धक्क्यावर शेवटची हजेरी होईल, ज्याचं नाव वाचलं जाईल तो रांगेतून बाहेर पडेल, असं तुम्ही लिहिलंय. आणि विचारलंय, ग्लेबच्या नावाचं काय करू? वाचू की सोडून देऊ? तुम्ही सांगाल तसं करतो, म्हणालात.

वेन्या म्हणाला, "मावशी, मी जातो. पहिल्यांदा मीच उत्तर दिलं होतं, शेवटचंही मीच देतो." भला मुलगा आहे. त्याला मी नाही म्हटलं.

माझं ऐका. तो शब्द मी अजून एकदाही तोंडातून काढलेला नाही. थडग्यावरचा दगड कारखान्याने बसवला, त्यावर काय लिहू म्हणून विचारायला आले तेव्हा मी आत निघून गेले. माझा भाऊ ग्लेबचं विचारायचा, तेव्हा नुसतं 'फेब्रुवारीपासून नाही' म्हणायचे. पेन्शनच्या कचेरीत अर्जावर मेकॅनिकने लिहून दिलं. तुम्हालाही मी पाऊस आणि कोबीची पानं लिहिली होती. तुम्ही त्याला तिकडे कामगिरीवर ठेवलंत आणि मी इकडे. दोघांनी मिळून त्या पोराला दमवलं. तो आता अठ्ठावीस वर्षांचा असता, पण तो एकोणीसच वर्षांचा आहे, आणि त्याला आता सोडायला हवं.

मी येतेय. वेन्या तिकीट काढून आलाय, तेरा तारखेला पोचेन. स्टेशनवर कोणी आलं नाही तरी चालेल. मला काही खास जागा देऊ नका, पुढे खुर्ची मांडू नका, नगराध्यक्षाच्या शेजारी तर मुळीच नको. रांगेच्या टोकाला उभी राहीन.

तुम्ही नाव वाचा. नेहमी वाचता तसं, मोठ्याने, पूर्ण. कोणत्याही पोराला 'कामगिरीवर' म्हणू देऊ नका. उत्तर मी देईन. माझा मुलगा मेला आहे, असं मी सगळ्यांसमोर सांगेन. आवाज फुटला नाही तर थांबा माझ्यासाठी, घाई करू नका, आणि कृपा करून माझ्या जागी तुम्ही बोलू नका.

माझं सांगून झालं, की तुम्ही पुढचं नाव वाचा.

ग्लेबची आई,
अग्लाया